समा भागातलं १९८४ चं जोड-टेनामेंट: बानाखत (विसाराचा करार) करण्याआधी काय काय बघावं?

समाच्या_शोधात

बडोद्यात समा भागात एक जुनं टेनामेंट बघतो आहोत. बांधकाम १९८४ चं, प्लॉट साधारण ११५० चौरस फूट. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर नंतर चढवलेली एक खोली, मागच्या मार्जिनमध्ये पत्र्याची शेड. नऊ इंची विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब, मोझॅकची फरशी. आतून नुकताच रंग दिला आहे. मागणी ६२ लाख. घर वडिलांच्या नावावर होतं, ते हयात नाहीत. विकणारी तीन भावंडं, त्यातला एक भाऊ कॅनडात. आम्हाला कर्ज काढावं लागेल. स्वतः काय तपासता येईल आणि कशासाठी माणूस बोलवावा?

---

काळाघोडा_२६

आधी घरात शिरूच नका. रस्त्यावर उभे राहा आणि जोतं मोजा. त्या काळातली टेनामेंट रस्त्यापासून दीड-दोन फूट उंच बांधत असत. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे आणि सिमेंटचे थरांवर थर चढत गेले, जोतं मात्र होतं तिथेच राहिलं. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, १० मीटर पुरते. पाणी भरून बुडबुडे पूर्ण घालवा. एक टोक रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर, दुसरं दारातल्या फरशीवर, आणि फरक लिहून ठेवा. नऊ इंचांपेक्षा कमी भरला तर विश्वामित्री नदीचा पूर सोडाच, दोन तासांचा जोराचा पाऊसही घरात येऊ शकतो.

पाणी दोन तऱ्हांनी येतं. पहिलं पावसाचं: कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला) तुंबली किंवा भरून वाहू लागली की सोसायटीतलं पाणी निघायला वाटच राहत नाही. समा-निझामपुऱ्याकडे भूखी कांस आहे. तुमच्या घरापासून ती किती लांब, मधे कुठे पाइपात घातली आहे, कुठे तिच्या कडेवर बांधकाम आलं आहे, हे पायी फिरून बघा. हे पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतं.

दुसरं नदीचं. विश्वामित्री पावागढकडून येते, आजव्याच्या तलावाचं जादा पाणी तिलाच मिळतं आणि पुढे ती ढाढरला मिळते. ढाढर भरलेली असली की हिचा उतार अडतो. म्हणून आकाश निवळल्यावरही पाणी चढत राहतं आणि दोन-तीन दिवस हलत नाही. काळा घोडा पुलावर धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं.

शेजाऱ्यांना ‘इथे पाणी भरतं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येईल. २०१९ ला कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, २०२४ ला किती दिवस राहिलं, असं वर्ष धरून विचारा. २००५ आणि २०१४ सुद्धा विचारा. सोसायटीतल्या रहिवाशाला आपल्या घरांचा भाव पडायची भीती असते. इस्त्रीवाला, दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार खरं सांगतात.

---

ओळंबा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. नुकत्याच दिलेल्या रंगाखाली पुराची खूण कशी शोधायची ते सांगतो.

जिन्याखालची जागा टॉर्च लावून बघा, तिथे रंगाऱ्याचा ब्रश सहसा पोहोचत नाही. गढूळ रेष आडवी आणि सगळीकडे एकाच पातळीत असेल तर ती पुराची. वरखाली नागमोडी असेल आणि तिच्या काठावर पांढरा क्षार फुललेला असेल तर ती जमिनीतून चढणारी ओल, म्हणजे लोणा. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून हा फरक ओळखता आला पाहिजे.

बैठकीच्या खोलीत चार फुटांपर्यंत टाइल लावलेल्या दिसल्या, विजेचा मीटर शेजाऱ्यांपेक्षा वर सरकवलेला दिसला, ओट्याखालची लाकडी दारं जाऊन ॲल्युमिनियमची आलेली दिसली, तर का, ते विचारा. खिडकीच्या ग्रिलचा खालचा आडवा गज बोटाने खरवडा. दाराच्या सागवानी चौकटीच्या पायाशी स्क्रूड्रायव्हर टोचा. टोक सहज आत गेलं तर वाळवी किंवा कुजकं लाकूड.

आता तडे. इथे बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की बाहेरच्या भिंती वर्षातून एकदा उचलल्या जातात आणि एकदा बसतात. मधली भिंत त्या मानाने स्थिर राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा बहुधा यातूनच येतो. तडा वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भिंतीचं टोक बसतं आहे. खाली रुंद असेल तर मधला भाग. प्लास्टरवरचे केसासारखे जाळीदार तडे सोडून द्या. दोन-तीन मिलिमीटरचा, विटांच्या आरपार आणि आत-बाहेर एकाच जागी दिसणारा तडा सोडू नका.

तडा जुना आणि थांबलेला की अजून हलतो आहे, हे एका भेटीत कळत नाही. विक्रेत्याची परवानगी मिळाली तर तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख टाका. भिंत हलली की काच फुटते. बानाखताआधी महिनाभर मिळाला तरी काहीतरी कळतं, विशेषतः तो महिना पहिल्या पावसाचा असेल तर.

जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर तीच पाण्याची नळी लावा. बांधतानाच फरक राहिला असेल तर ठीक, पण २५ मिलिमीटरच्या वर गेला आणि त्याच कोपऱ्यात तडाही असला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या कोपऱ्याबाहेर काय आहे तेही बघा: गळकी चेंबर, नळाचं सांडपाणी, की भिंतीला खेटलेला पिंपळ.

---

पाना_पक्कड

सकाळी नळाला पाणी सुटतं त्या वेळी जा. दुसऱ्या कुठल्याही वेळी पाण्याबद्दल काहीच कळणार नाही. मोटर बंद ठेवायला सांगा, अंगणातल्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि सेकंद मोजा. एका मिनिटात भरली तर उत्तम. तीन मिनिटं लागली तर एकतर लाइनला दाब नाही किंवा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजून बुजला आहे. शेजारच्या घरी लगेच भरत असेल तर दोष पाइपाचा. तो बदलता येतो. सगळ्या सोसायटीतच धार बारीक असेल तर तो दाबाचा प्रश्न, तुमच्या हातात नाही. बोअर असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून घ्या.

जमिनीखालची टाकी असेल तर झाकणाची कड जमिनीपासून किती वर आहे बघा. जमिनीलगत असली तर पुरात गटाराचं पाणी सरळ पिण्याच्या पाण्यात जातं.

ड्रेनेज: मागच्या बाजूने रांगेतल्या सगळ्या घरांची एकच लाइन जाते का ते विचारा. जात असेल तर तुमचं घर रांगेत कितवं हे फार महत्त्वाचं. शेवटचं आणि सगळ्यांत खोल असेल तर दहा घरांचं तुंबलेलं तुमच्या न्हाणीघरात वर येणार. सकाळी सात वाजता चेंबरचं झाकण उघडून बघा. पाणी वाहतं आहे की साचलं आहे, आणि भिंतीवर आधीच्या तुंबण्याची चिकट रेष किती वर आहे, दोन्ही दिसतं. घर घेतलंत तर चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पहिल्याच महिन्यात बसवा.

वीज: लाकडी पट्टीवरची वायर, ॲल्युमिनियमची तार, चिनीमातीचे फ्यूज, यातलं काही दिसलं तर संपूर्ण वायरिंग नवं करायचं धरून चला. दिव्यांना १.५, प्लगना २.५, एसी-गीझरना ४ चौरस मिमी तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि अर्थिंगचा नवा खड्डा. अर्थिंगचा रोध इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवा. बिलावर मंजूर भार किती लिहिला आहे तेही बघा. जुन्या मीटरवर दोन किलोवॅट असेल तर दोन एसी चालणार नाहीत, भार वाढवून घ्यावा लागेल.

---

दस्त_आणि_दाखले

तुमच्या केसमध्ये मला घरापेक्षा कागदांची जास्त काळजी वाटते.

पहिला प्रश्न: जमीन कुणाच्या नावावर? जुन्या सहकारी सोसायट्यांत जमीन सोसायटीची आणि सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट असतं. काही ठिकाणी प्रत्येक प्लॉटचा वेगळा दस्तावेज झालेला असतो. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढला की हे कळेल. त्यावरच पुढची वाट ठरते, कारण पहिल्या प्रकारात सोसायटीची लेखी संमती आणि थकबाकी नसल्याचा दाखला लागतोच.

दुसरा: वारसाई. वडील गेल्यानंतर पेढीनामा (वारसांची वंशावळ) झाला का? त्यात सगळे वारस आले का, म्हणजे आई हयात असेल तर आई आणि सगळ्या मुली? मुलींची नावं वगळलेला पेढीनामा पुढे तुमच्याच अंगाशी येतो. एखाद्या वारसाने हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत दस्त मागा, स्टॅम्पपेपरवरचं नोटरी केलेलं चालणार नाही.

तिसरा: कॅनडातला भाऊ. तो येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीपुढे किंवा अपोस्टिल (परदेशी कागद ग्राह्य ठरवणारा शिक्का) करून झालेलं हवं, आणि ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायला हवा. शिवाय किंमत ५० लाखांच्या वर आहे. इथे राहणाऱ्या भावंडांच्या हिश्श्यावर तुम्ही १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापायचा आयकर) कापायचा. परदेशस्थ भावाच्या हिश्श्याला तो १ टक्क्याचा नियम लागू नाही, तिथे दर बराच जास्त असतो. त्याला कमी कापून हवं असेल तर त्याने आयकर खात्याकडून तसा दाखला आणायचा. कापायचं राहिलं तर वसुली खरेदीदाराकडून होते, म्हणून हे बानाखताआधी सीएशी बोलून घ्या.

चौथा, आणि हा बडोद्यात विसरून चालत नाही: अशांत धारा (अशांत भागांतल्या घरविक्रीवरचा कायदा). १९९१ च्या कायद्याखाली जाहीर झालेल्या भागात घर असेल तर विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, ती नसताना झालेला व्यवहार रद्दबातल ठरतो. भागांची यादी वेळोवेळी वाढली आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे लागत नाही’ या तोंडी शब्दावर जाऊ नका, सर्व्हे नंबर देऊन खात्री करा. लागू असेल तर बानाखतात स्पष्ट लिहा की परवानगी न मिळाल्यास बाना (विसार) पूर्ण परत, आणि मुदत परवानगीच्या तारखेपासून मोजायची.

बाकी: वकिलाकडून ३० वर्षांचा टायटल सर्च, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मूळ दस्तांची सगळी साखळी हातात घेऊन बघणं. मूळ कागद ‘सापडत नाहीत’ असं ऐकू आलं तर ते कुठल्या तरी बँकेत गहाण असू शकतात. वेरा (घरपट्टी) बिल भरलेलं असणं म्हणजे मालकी नव्हे. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर आणि बानाखतावर मालकी येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते स्वच्छ सांगितलं आहे.

---

जोडभिंत

कुणी शेजाऱ्यांचा विषय काढला नाही म्हणून लिहिते. सामाईक भिंतीचं घर घेताना शेजारचं अर्धंही तुम्ही विकत घेत असता. ते लोक घर पाडून तीन मजली बांधणार आहेत का? नऊ इंची सामाईक भिंतीच्या शेजारी खोल खणलं की तुमची बाजू बसते. भिंतीच्या मध्यावर हद्द आहे असं दस्तात लिहिलं आहे का, त्यांच्या वरच्या मजल्याची तुळई तुमच्या बाजूने टेकली आहे का, पावसाळी पाइप कुणाच्या अंगणात उतरतो, हे विचारा. शेजारी आधीच आरसीसी कॉलम घालून वेगळे झाले असतील तर मधल्या फटीला वरून पत्र्याचं किंवा सिमेंटचं झाकण हवं. नाहीतर ती फट दर पावसाळ्यात तुमच्या भिंतीत पाणी सोडत राहते आणि ते कुठून येतं ते कुणालाच कळत नाही.

परिसर तीन वेळा बघा: कामाच्या दिवशी सकाळी, रविवारी संध्याकाळी आणि रात्री अकराला. रात्री गाड्या लागल्यावर सोसायटीच्या रस्त्यातून अग्निशामक गाडी किंवा रुग्णवाहिका आत येईल का, हे तेव्हाच दिसतं. पार्टी प्लॉट किती जवळ आहे ते नकाशावर बघा. लग्नसराई आणि नवरात्र धरून वर्षातल्या बऱ्याच रात्री त्यात जातात, घरात म्हातारी माणसं किंवा परीक्षेला बसणारी मुलं असतील तर हे लहान कारण नाही. आणि नदी-कांस जवळ असेल तर पूर ओसरताना मगर अंगणात येते. कंपाउंडच्या भिंतीला खाली भोकं आहेत का, फाटकाखाली किती फट आहे, ते बघून ठेवा आणि वन खात्याच्या बचाव पथकाचा नंबर दारामागे लावा.

---

समाच्या_शोधात

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी नळी आणि टॉर्च घेऊन गेलो. आकडे देतो:

रस्त्यापासून जोतं ७ इंच. जिन्याखाली आडवी रेष आहे, फरशीपासून २६ इंचांवर. चार कोपऱ्यांत फरक जास्तीत जास्त १८ मिमी, रस्त्याकडचा बाहेरचा कोपरा खाली. वरच्या खोलीत खिडकीपासून तिरका तडा, रुंदी सुमारे २ मिमी. न्हाणीघराच्या छताचं प्लास्टर एका जागी फुगलं आहे. बादली ७० सेकंदांत भरली. चेंबर साफ वाहतं आहे. मंजूर नकाशात (रजा चिठ्ठीत) वरची खोली नाही, शेडही नाही. पेढीनाम्यात आई आणि तिन्ही भावंडं आहेत.

फरशी दोन फूट उंच करून घेतली तर पुराचा प्रश्न सुटेल का?

---

ओळंबा

फरशी उंच करायचा हिशोब नीट बघा. स्लॅबची उंची दहा फूट असेल तर दोन फूट भरावानंतर आठच राहतात. पंखा डोक्याशी येतो. दारांची लिंटेल (दारावरची आडवी तुळई) सात फुटांवर आहे, ती पाच फुटांवर येईल. म्हणजे प्रत्येक दाराची लिंटेल तोडून वर न्यायची. भारवाहक भिंतीत हे काम टेकू देऊन, एकेक दार घेऊन करावं लागतं. खिडक्यांच्या उंबरठ्यांचंही तेच, शिवाय लहान मुलांसाठी त्या धोक्याच्या होतात. आणि इतकं करून २६ इंचांची रेष दोन इंचांनी वरच राहते. अख्खं घर जॅकवर उचलायचं तंत्र आहे, पण जोडभिंतीच्या घराला ते लागू पडत नाही, दोन्ही घरं एकत्र उचलावी लागतील.

न्हाणीघराच्या छताचा फुगवटा लहान हातोडीने हळू ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट शाबूत. बद्द आवाज आला तर आत गज गंजून थर सुटला आहे. बद्द आवाजाची हद्द खडूने आखत जा. वितभर असेल तर दुरुस्ती सोपी: सैल भाग काढून गज घासायचा, गंजरोधक लावायचं, पॉलिमर मॉर्टर भरायचं. छताचा पाव भाग बद्द वाजला, किंवा गजाची जाडी डोळ्यांना कमी झालेली दिसली, तर तो स्लॅब बदलायचा खर्च धरा. इंजिनिअर आला की त्याच्याकडून फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी करून घ्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर द्रव टाकला की गुलाबी झालेला भाग गजाला अजून जपतो आहे, रंग न आलेला भाग नाही. गजापर्यंतचं सगळं रंगहीन असेल तर गंज आज दिसत नसला तरी लागायला वेळ नाही.

वरच्या खोलीच्या भिंती खालच्या भिंतींवरच उभ्या आहेत का, की नुसत्या स्लॅबवर? १८ मिमी एकट्याने घाबरण्यासारखे नाहीत. पण ज्या कोपऱ्याकडे घर झुकलं आहे त्याच बाजूला तडा असेल तर काचेची पट्टी लावाच.

---

काळाघोडा_२६

माझं मत स्पष्ट आहे. ७ इंच जोतं आणि २६ इंचांची रेष असलेलं घर राहण्यासाठी घेऊ नये. स्लॅब, पाइप, वायरिंग पैशाने नवं होतं. जमिनीची पातळी होत नाही. सगळ्या सोसायटीचा रस्ता पुन्हा उंच झाला तर ७ इंचांचे ४ होतील.

---

जोडभिंत

इतकं टोकाचं नको. त्याच बजेटमध्ये उंचावरचं स्वतंत्र घर घ्यायला गावाबाहेर जावं लागतं, शाळा-दवाखाने दूर पडतात. पुराची रेष माहीत असताना घेतलं आणि घर त्याप्रमाणे मांडलं तर राहता येतं. खाली गाडी, स्वयंपाकघर आणि धुता येण्यासारखं सामान. झोपायच्या खोल्या, कपाटं, कागदपत्रं, इन्व्हर्टर वर. खालचे सगळे प्लग चार फुटांवर, खालच्या आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे खालचं बंद करून वरचं चालू ठेवता येतं. पण त्यासाठी वरचा मजला मजबूत आणि कायदेशीर हवा. तुमच्या घरात नेमकी तीच बाजू कच्ची आहे.

---

दस्त_आणि_दाखले

त्या वरच्या खोलीबद्दल: इम्पॅक्ट फी भरून नियमित केल्याचा दाखला विक्रेत्याकडे आहे का ते आधी विचारा. नसेल तर बँकेचा व्हॅल्यूअर मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम बहुधा मोजत नाही. मग कर्ज खालच्या मजल्यावर आणि जमिनीवरच मिळेल, उरलेली रक्कम तुम्हाला रोख उभी करावी लागेल. ४० वर्षांच्या घरासाठी बँक उरलेल्या आयुष्याचा इंजिनिअरचा दाखलाही मागू शकते, तो कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांचा लागतो. महापालिकेतून झोनिंग दाखला आणि टीपी (नगररचना) स्कीमचा भाग नकाशा काढा. फायनल प्लॉटचं (स्कीममध्ये ठरलेल्या प्लॉटचं) क्षेत्र दस्तातल्या क्षेत्राशी जुळतं का आणि रस्तारेषा अंगणातून जाते का, हे त्यात कळेल.

खर्चात ४.९ टक्के मुद्रांक आणि १ टक्का नोंदणी फी धरा. मुद्रांक हा जंत्रीप्रमाणे (सरकारी दराने) येणारी आणि प्रत्यक्ष किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतो. खरेदी फक्त स्त्रियांच्या नावे असेल तर नोंदणी फी माफ असते.

---

समाच्या_शोधात

विक्रेत्याला विचारलं. इम्पॅक्ट फी भरलेली नाही. वरच्या खोलीची मागची भिंत स्लॅबवरच उभी आहे, खाली भिंत नाही.

---

ओळंबा

मग त्या भिंतीच्या बरोबर खाली, खालच्या खोलीच्या छतावर भिंतीच्या दिशेने जाणारा तडा शोधा आणि दोरी ताणून स्लॅब मधे किती झुकला आहे ते मोजा. १२ फुटांच्या गाळ्यात १० मिमीपर्यंत ठीक. १५ च्या वर असेल तर ती खोली उतरवायचा खर्च धरूनच पुढचं बोला, आणि भाव जमिनीचा द्या, वरच्या खोलीचा एक रुपयाही नको. बाना द्यायच्या आधी इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. त्याला घर दाखवताना जिन्याखालची रेष आणि हा स्लॅब आधी दाखवा, ताजा रंग शेवटी.